बगलेतून आक्रमण (फुटबॉल)

बगलेतून आक्रमण म्हणजे फुटबॉलच्या मैदानाच्या डाव्या किंवा उजव्या कडेच्या पट्ट्यातून चेंडू पुढे नेऊन प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर संधी निर्माण करण्याची पद्धत होय. मैदानाच्या या कडेच्या भागाला मराठी क्रीडापत्रकारितेत 'बगल' असे म्हणतात. तेथे प्रामुख्याने खेळणाऱ्या आक्रमक खेळाडूला विंगर, तर त्याच्या मागे कडेने खेळणाऱ्या बचावपटूला फुलबॅक म्हणतात. बगलेतून गोलसमोर टाकलेल्या चेंडूला क्रॉस ही संज्ञा आहे.

बगलेतून आक्रमण करणे म्हणजे केवळ क्रॉस टाकणे, असा समज प्रचलित आहे. आधुनिक प्रशिक्षणशास्त्रात मात्र बगलेचा उपयोग मुख्यतः प्रतिस्पर्ध्याची बचावफळी आडवी ताणण्यासाठी आणि मध्यभागी मोकळी जागा निर्माण करण्यासाठी केला जातो. क्रॉस हे त्यातील एक साधन आहे. त्यामुळे हा विषय शिकवताना चेंडू कसा मारावा याबरोबरच तो केव्हा मारावा, कोणाकडे द्यावा आणि केव्हा मुळीच मारू नये, हे शिकवण्यावर भर असतो.

मैदानाची मापे आणि नियम

फुटबॉलच्या नियमांनुसार मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर व रुंदी ४५ ते ९० मीटर असू शकते. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी ही मर्यादा अनुक्रमे १०० ते ११० व ६४ ते ७५ मीटर आहे. मोठ्या स्पर्धांमध्ये १०५ × ६८ मीटर हे माप सर्वाधिक आढळते. पेनल्टी क्षेत्राची रुंदी ४०.३२ मीटर असते. म्हणजेच ६८ मीटर रुंद मैदानावर पेनल्टी क्षेत्राच्या दोन्ही बाजूंना सुमारे १४-१४ मीटरचा पट्टा उरतो. बगलेतील खेळ प्रामुख्याने या पट्ट्यात होतो.

बचाव करणारा संघ सामान्यतः गोलसमोर दाटी करतो, कारण गोलखांबांमधील अंतर केवळ ७.३२ मीटर असते आणि गोलला धोका मध्यभागातून अधिक असतो. आक्रमक संघाचा एक खेळाडू टचलाइनला चिकटून उभा राहिला, की बचावपटूंपुढे पेच निर्माण होतो. एखादा बचावपटू त्याच्याकडे सरकला तर मध्ये फट पडते. न सरकल्यास विंगरला पुढे जाण्यास मोकळी वाट मिळते.

ऑफसाइडचा नियमही बगलेतील खेळाला अनुकूल ठरतो. पास दिला जाताना जो खेळाडू चेंडूच्या रेषेत किंवा चेंडूच्या मागे असतो, तो ऑफसाइड ठरत नाही. त्यामुळे विंगर चेंडू घेऊन गोलरेषेजवळ पोहोचला आणि त्याने तो मागे वळवून दिला, तर चेंडूच्या मागून धावत येणाऱ्या सहकाऱ्यांना ऑफसाइडची भीती उरत नाही. अशा पासला कट-बॅक म्हणतात. याशिवाय थ्रो-इन आणि कॉर्नर किकमधून चेंडू थेट मिळाल्यासही ऑफसाइड लागू होत नाही.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रचलित असलेल्या पाच आघाडीपटूंच्या रचनेत दोन्ही टोकांना एकेक विंगर असे. या काळातील विंगरचे काम ठरलेले होते: टचलाइनलगत धावणे, समोरच्या बचावपटूला चकवणे आणि क्रॉस टाकणे. इंग्लंडचे स्टॅन्ली मॅथ्यूज हे या परंपरेतील सर्वांत ख्यातनाम खेळाडू होत. १९५३ च्या एफए कप अंतिम सामन्यात ब्लॅकपूल संघ बोल्टनविरुद्ध १-३ असा मागे होता. स्टॅन मॉर्टेन्सन यांच्या हॅट्‌ट्रिकमुळे बरोबरी साधली गेली. अखेरच्या क्षणी मॅथ्यूज यांनी उजव्या बगलेतून मागे दिलेल्या चेंडूवर बिल पेरी यांनी गोल केला आणि ब्लॅकपूलने सामना ४-३ असा जिंकला.

१९५८ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात ब्राझीलने स्वीडनला ५-२ असे हरवले. ब्राझीलचे पहिले दोन्ही गोल जवळजवळ सारख्याच पद्धतीने झाले. गारिंचा यांनी उजव्या बगलेतून मुसंडी मारून गोलसमोर खालून चेंडू दिला आणि वावा यांनी तो जाळ्यात धाडला.

पुढील दशकात विंगरचे महत्त्व काही संघांत कमी झाले. १९६६ मध्ये विश्वविजेत्या ठरलेल्या इंग्लंडच्या संघात व्यवस्थापक आल्फ रॅम्सी यांनी पारंपरिक विंगरना स्थान दिले नाही. त्याच सुमारास बगलेतील धावेची जबाबदारी फुलबॅककडे सरकू लागली. १९७० च्या विश्वचषक अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध ब्राझीलचा चौथा गोल हे त्याचे अभिजात उदाहरण मानले जाते. ब्राझीलचे उजवे विंगर जाइरझिन्यो आपली बगल सोडून आत गेले. त्यांच्या मागे इटलीचे बचावपटू फाकेत्तीही ओढले गेले. रिकाम्या झालेल्या उजव्या बगलेतून फुलबॅक कार्लोस अल्बेर्तो धावत आले आणि पेले यांनी सरकवलेल्या चेंडूवर त्यांनी गोल केला.

एकविसाव्या शतकात 'उलट्या पायाचा विंगर' रूढ झाला. यात डावखुरा खेळाडू उजव्या बगलेत किंवा उजव्या पायाचा खेळाडू डाव्या बगलेत खेळतो. तो गोलरेषेकडे जाण्याऐवजी आत वळून फटका मारतो. नेदरलँड्सचा आर्येन रॉबेन याची ही ओळखच होती. विंगर आत आल्यावर बाहेरची जागा फुलबॅक व्यापतात. २०१८-१९ च्या इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये लिव्हरपूलचा उजवा फुलबॅक ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड याने १२ गोलांना साहाय्य केले. बचावपटूसाठी तो तेव्हाचा विक्रम होता.

भारतात १९५० व १९६० च्या दशकांत पी. के. बॅनर्जी हे उजव्या बगलेतील प्रमुख खेळाडू होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमवून उपांत्य फेरी गाठली. या सामन्यात मूळ गोव्याचे आणि मुंबईच्या कॅलटेक्स संघाकडून खेळणारे नेव्हिल डिसूझा यांनी हॅट्‌ट्रिक नोंदवली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. त्या अंतिम सामन्यात भारताचे गोल बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी केले.

आक्रमणाचे प्रकार

बगलेतून चाल पूर्ण करण्याचे पुढील प्रकार प्रशिक्षणात वेगवेगळे शिकवले जातात.

लवकर दिलेला क्रॉस: बचावफळी मागे धावत असताना, गोलरेषेपर्यंत न जाता, गोलरक्षक आणि बचावपटू यांच्यामधील जागेत चेंडू टाकला जातो. बचावपटूचे तोंड स्वतःच्या गोलकडे असल्याने त्याला तो परतवणे कठीण जाते.

कट-बॅक: गोलरेषेजवळून चेंडू जमिनीलगत मागे, पेनल्टी बिंदूच्या परिसरात दिला जातो. बचावपटूंची नजर चेंडूकडे असल्याने मागून येणारा खेळाडू त्यांच्या दृष्टिआड राहतो.

लांबच्या खांबाकडे क्रॉस: चेंडू सर्व बचावपटूंच्या डोक्यांवरून पलीकडच्या गोलखांबाकडे पाठवला जातो. तेथे विरुद्ध बगलेतील विंगरने पोहोचणे अपेक्षित असते.

आत वळणे: विंगर बचावपटूला बाहेरची हूल देऊन आत येतो व फटका मारतो किंवा पुढे पास देतो.

बाजू बदलणे: एका बगलेत तीन-चार पास खेळून प्रतिस्पर्ध्याला त्या बाजूला ओढून घेतले जाते आणि नंतर चेंडू वेगाने दुसऱ्या बगलेत पाठवला जातो. तेथील विंगरला एकास एक अशी संधी मिळते.

खेळाडूंची कामे

बगलेतील चाल एकट्या विंगरची नसते. तिच्यात किमान चार गटांना एकाच वेळी काम करावे लागते.

विंगरने चेंडू येण्यापूर्वी टचलाइनजवळ, शरीर मैदानाकडे उघडे ठेवून उभे राहावे, अशी अपेक्षा असते. टचलाइनकडे पाठ केल्याने त्याला चेंडू, बचावपटू आणि गोल तिन्ही एका नजरेत दिसतात. चेंडूला पहिला स्पर्श शक्यतो पुढे, बचावपटूच्या मागील जागेच्या दिशेने असावा लागतो.

फुलबॅक विंगरच्या बाहेरून धावल्यास त्याला ओव्हरलॅप आणि आतून धावल्यास अंडरलॅप म्हणतात. ही धाव चेंडू मिळवण्यासाठी असतेच. परंतु चेंडू न मिळाला तरी ती एका बचावपटूला सोबत ओढते आणि विंगरला मोकळीक देते. हे काम सामन्याच्या आकडेवारीत दिसत नाही, म्हणून प्रशिक्षकाने त्याची मुद्दाम दखल घेणे महत्त्वाचे मानले जाते.

पेनल्टी क्षेत्रात धावणाऱ्या खेळाडूंसाठी सामान्यतः चार जागा वाटून दिल्या जातात: जवळचा खांब, लांबचा खांब, पेनल्टी बिंदूचा परिसर आणि परतलेल्या चेंडूसाठी क्षेत्राची बाहेरची कड. सर्वजण एकाच रेषेत धावले, तर एकच बचावपटू अनेकांना रोखू शकतो. धाव लवकर सुरू करणे हा नवशिक्या आघाडीपटूचा नेहमीचा दोष आहे. विंगरने मान वर करून चेंडू मारण्यासाठी पाऊल टाकल्यावरच वेग घ्यावा, असे शिकवले जाते.

चेंडू गमावल्यास होणारा प्रतिहल्ला रोखण्यासाठी उर्वरित खेळाडूंची रचना आवश्यक असते. एक फुलबॅक पुढे गेल्यास दुसऱ्याने मध्याकडे सरकून मध्य-बचावपटूंजवळ राहावे, हा सर्वमान्य संकेत आहे.

प्रशिक्षणाची पद्धत

या विषयाचे सराव सत्र सोप्याकडून अवघडाकडे नेले जाते.

पहिल्या टप्प्यात विरोधाशिवाय चेंडू मारण्याचे तंत्र घोटले जाते. यात टेकवलेल्या पायाची दिशा, चेंडूच्या कोणत्या भागाला स्पर्श करायचा आणि धावताना शरीर कसे वळवायचे या बाबी येतात. स्थिर चेंडूवर क्रॉस उत्तम मारणारा खेळाडू धावताना चुकतो, म्हणून चेंडू लवकरात लवकर गतीत ठेवला जातो.

दुसऱ्या टप्प्यात सुमारे १४ मीटर रुंद व २५ मीटर लांब पट्टा आखून दोन आक्रमकांविरुद्ध एक बचावपटू असा खेळ घेतला जातो. चेंडू असलेल्या खेळाडूने पाहायचे एवढेच, की बचावपटू कोणाकडे झुकतो. तो ओव्हरलॅप करणाऱ्यामागे गेला तर स्वतः आत वळायचे. तो समोर थांबला तर सहकाऱ्याला पास द्यायचा. प्रशिक्षकाने येथे उत्तर सांगण्याऐवजी 'तुला काय दिसले?' असे विचारल्यास खेळाडूची निर्णयक्षमता वाढते.

तिसऱ्या टप्प्यात हाच पट्टा गोलला जोडला जातो. पेनल्टी क्षेत्रात तीन आक्रमक, दोन बचावपटू व गोलरक्षक ठेवले जातात. येथे क्रॉसची वेळ आणि आतील धावेची वेळ यांचा मेळ बसवणे हे उद्दिष्ट असते.

चौथ्या टप्प्यात दोन्ही कडांना पट्टे आखून सहा विरुद्ध सहा किंवा आठ विरुद्ध आठ असा सामना खेळवला जातो. बगलेतून झालेल्या गोलला दोन गुण देण्याची पद्धत रूढ आहे. तिचा तोटा असा, की खेळाडू गुणांच्या लोभाने मोकळा मध्यभाग सोडूनही क्रॉस टाकू लागतात. म्हणून सत्राच्या अखेरीस हा नियम काढून टाकून मुक्त सामना घेतला जातो आणि खेळाडू आपणहून बगल केव्हा निवडतात, याचे निरीक्षण केले जाते.

लहान मुलांच्या बाबतीत हवेतील क्रॉस व हेडिंग यांवर मर्यादा घालण्याकडे कल आहे. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग करण्यास मनाई केली. २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी प्राथमिक शालेय वयोगटाच्या सरावातून हेडिंग वगळण्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यामुळे या वयात जमिनीलगतचा कट-बॅक आधी शिकवणे योग्य मानले जाते.

क्रॉसच्या उपयुक्ततेविषयी मतभेद

क्रॉस हे गोल करण्याचे कितपत परिणामकारक साधन आहे, याविषयी प्रशिक्षक व विश्लेषकांत मतभेद आहेत. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी मँचेस्टर युनायटेडने फुलहॅमविरुद्ध स्वतःच्या मैदानावर ८१ क्रॉस टाकले. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. गोलसमोर दाटी करून उभ्या राहिलेल्या उंच बचावपटूंना उंच क्रॉस सोपे जातात, हे दाखवण्यासाठी या सामन्याचा दाखला वारंवार दिला जातो.

क्रॉसच्या समर्थकांचे म्हणणे असे, की निव्वळ संख्येवरून निष्कर्ष काढणे योग्य नाही. पिछाडीवर असलेला संघ घाईने अधिक क्रॉस टाकतो, त्यामुळे अधिक क्रॉस हे अपयशाचे कारण नसून लक्षणही असू शकते. शिवाय गोलरेषेजवळून दिलेला कट-बॅक आणि दूरवरून उंच मारलेला चेंडू यांची गणना एकत्र केल्यास चित्र फसवे होते. बचावफळी स्थिरावण्यापूर्वी दिलेला आणि निश्चित खेळाडूला उद्देशून दिलेला चेंडू अधिक लाभदायक असतो, यावर मात्र दोन्ही पक्षांचे एकमत आढळते.

गोवा आणि महाराष्ट्र

गोवा व महाराष्ट्रातील व्यावसायिक फुटबॉलमध्ये बगलेतील खेळाचे ठळक उदाहरण स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्या कारकिर्दीत आढळते. २०१७ ते २०२० या काळात ते एफसी गोवा संघाचे प्रशिक्षक होते. मूळचा विंगर असलेला म्हापशाचा मंदार राव देसाई याला त्यांनी डाव्या फुलबॅकच्या जागी खेळवले. विंगरची गती व चेंडूवरील हुकमत मागील जागेवरून वापरता आल्याने संघाच्या डाव्या बगलेत सातत्याने अतिरिक्त खेळाडू उपलब्ध होऊ लागला. पुढे मंदार इंडियन सुपर लीगमध्ये १०० सामने पूर्ण करणारा पहिला खेळाडू ठरला. बगलेतील खेळाडूची भूमिका बदलणे ही त्याची अवनती नसून त्याच्या गुणांचा वेगळा उपयोग असतो, हे यातून दिसते.

२०२०-२१ मध्ये लोबेरा मुंबई सिटी एफसीचे प्रशिक्षक झाले आणि मंदारही त्या संघात आला. या हंगामात मुंबईने लीग शील्ड व अंतिम विजेतेपद ही दोन्ही पदके जिंकली. एकाच हंगामात असा दुहेरी मान मिळवणारा तो पहिला संघ होय. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्डा येथे झालेल्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना ९० व्या मिनिटाला बगलेतील खेळाडू बिपिन सिंग याने बार्थोलोम्यू ओगबेचे याच्याकडून आलेल्या चेंडूवर विजयी गोल केला. चाल दुसरीकडे घडत असताना विंगरने गोलसमोर पोहोचलेले असावे, या तत्त्वाचे हे उदाहरण आहे.

मुंबई सिटीचाच लालियानझुआला छांगटे हा डावखुरा असून उजव्या बगलेत खेळतो. २०२२-२३ च्या हंगामासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याची सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडू म्हणून निवड केली. कोल्हापूरचा आणि पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला अनिकेत जाधव हा २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तोही आघाडीत व बगलेत खेळतो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमींचे संघ आणि शाहू स्टेडियमवरील सामने यांमुळे कोल्हापूर हे राज्यातील स्थानिक फुटबॉलचे महत्त्वाचे केंद्र आहे.

शालेय स्तरावरील प्रशिक्षण

महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धा जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. मोठ्या शहरांबाहेर, उदाहरणार्थ परभणी जिल्ह्यातील मानवतसारख्या तालुक्याच्या ठिकाणी, शिकवणाऱ्यापुढे वेगळ्या अडचणी असतात. शाळेचे एकच मैदान सहसा कबड्डी, खो-खो, क्रिकेट व फुटबॉल या सर्वांसाठी वापरावे लागते आणि ते पूर्ण मापाचे असतेच असे नाही.

अरुंद मैदानावर पूर्ण मापाचे पेनल्टी क्षेत्र आखल्यास बगल जवळजवळ नाहीशी होते. मैदान ५० मीटर रुंद असेल तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी पाच मीटरही उरत नाहीत. अशा वेळी सरावासाठी पेनल्टी क्षेत्र लहान आखणे आणि खेळाडूंची संख्या सात विरुद्ध सात एवढी कमी करणे हा उपाय आहे. कडेचे पट्टे फक्कीने आखता येतात. मैदानाच्या अर्ध्या भागात आडवे गोल लावून खेळवल्यास लांबीचा उपयोग रुंदीसाठी होतो.

मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळून टणक बनते. बगलेतील खेळाडूला वेगाने धावून एकाएकी थांबावे व वळावे लागत असल्याने अशा जमिनीवर घोटा व गुडघा यांना इजा होण्याचा धोका अधिक असतो. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. म्हणून वेगवान धावांचा सराव सकाळी लवकर, कमी आवर्तनांत आणि पुरेशी विश्रांती व पाणी देऊन घेणे आवश्यक ठरते.

या स्तरावर आणखी एक चूक आढळते: संघातील सर्वांत वेगवान मुलाला कायमचे एकाच बगलेत ठेवून बाकीच्यांनी त्याच्या पुढे चेंडू लाथाडायचा. त्यातून शालेय सामना जिंकता येतो. परंतु तो मुलगा चेंडू थांबवणे, मान वर करून पाहणे आणि पास निवडणे शिकत नाही. पुढील स्तरावर तितकेच वेगवान बचावपटू भेटल्यावर त्याचा खेळ थांबतो. त्यामुळे कुमार वयात प्रत्येक खेळाडूला दोन्ही बगलांत, दोन्ही पायांनी आणि फुलबॅकच्या जागीही खेळवावे, अशी शिफारस केली जाते.